तिरडीवरचं हसू

“सैल बांध की जरा,” तिरडीवरून मथूआक्का म्हणाली. “मी काय पळून चाललेय?”

दत्तोबानं दोरी सैल केली. आमच्याकडे मेकअप, कपडे आणि तिरडी ही तिन्ही खाती त्याच्याच अंगावर होती. त्यानं आक्काच्या नाकात कापसाचे बोळे घातले, कपाळाला बुक्का लावला आणि दोन पावलं मागं सरून आपल्या कामाकडं कौतुकानं बघितलं.

“आक्का, अगदी खरी वाटतेस.”

“खरी व्हायला तरी किती दिवस राहिलेत,” आक्का बोळ्यांतून म्हणाली. “आधी पाणी पाज. मग मारा.”

सकाळचे अकरा वाजले होते. सिनेमात मात्र ती अमावस्येची मध्यरात्र होती.

शहाऐंशी सालचा जानेवारी. कोल्हापूरपासून सात-आठ मैलांवरच्या एका मळ्यात ‘विहिरीवरची सवत’ या भुताच्या सिनेमाच्या शूटिंगचा हा शेवटचा दिवस. शेजारी गुऱ्हाळ चालू होतं आणि त्याच्या इंजिनचा धडधडाट सगळ्या शिवारात भरून राहिलेला. आमच्या दिग्दर्शकाला त्याची फिकीर नव्हती. आवाज सगळे नंतर मुंबईला भरायचे होते.

दिग्दर्शकाचं नाव रणजित खराडे. वय सत्तावीस. वडिलांची फाउंड्री होती, तिथं बसायचा कंटाळा आला म्हणून तो पुण्याला कसला तरी सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता. येताना काळा चष्मा घेऊन आला. कॅमेऱ्यातून बघतानाही तो चष्मा काढत नसे, त्यामुळे त्याला सगळंच भयानक दिसत असावं. रात्रीचे दिवे आणि जनरेटर परवडत नव्हते, तेव्हा भुताचा अख्खा सिनेमा आम्ही सकाळी दहा ते चार या वेळात काढला. लेन्सपुढं निळी काच धरली की दिवसाची रात्र होते, हे त्याला पुण्यात कोणीतरी शिकवलं होतं. मध्यरात्री माणसांच्या सावल्या पायाशी गोळा होऊन पडत नाहीत, हे शिकवायचं राहून गेलं होतं. भुताचं घर म्हणून जी खोली निवडली होती ती मोटरपंपाची होती. भिंतीवर ‘पाच अश्वशक्ती’ असं रंगवलेलं होतं, त्यावर आम्ही रोज सकाळी उसाचा पाला टांगायचो. दुपारी एखादं रेडकू येऊन तो खाऊन जायचं.

भूत मी होते.

माझं वय चौतीस. नाटकात पंधरा वर्षं काढून शेजारीण, मोलकरीण, दाई आणि एकदा वरमाय, एवढी मजल मारली होती. मथूआक्का साळोखे मला नाटकात घेऊन आली. एकोणिसाव्या वर्षी मला घरातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा तिनं कसलीही चौकशी न करता आपल्या ट्रंकेशेजारी माझी ट्रंक ठेवून घेतली. पुढं सगळ्या दौऱ्यांत तिची वळकटी आणि माझी वळकटी एकाच बाजूला पडायची. ती अडुसष्टची होती. जुन्या स्टुडिओंच्या काळात तिनं चांगली कामं केली होती, आणि चांगल्या माणसांबरोबर केली होती. तो काळ वेगळा होता. तेव्हा दिग्दर्शकाला ऊन कुठून येतं हे ठाऊक असायचं.

या सिनेमात आक्का नायकाची आई होती. मी विहिरीत ढकलून मारलेली पहिली सवत. बारा दिवस माझ्या डोक्यावर काळ्या रंगात बुडवलेल्या सुतळीचा टोप होता आणि त्याच्या जटा हनुवटीपर्यंत तोंडावर. मान काचायची, रंग घामानं डोळ्यांत उतरायचा. सिनेमाभर माझा चेहरा कुठंच दिसायचा नव्हता. फक्त शेवटच्या शॉटमध्ये भूत आपले केस बाजूला करतं, आणि सगळा पडदाभर एका बाईचा चेहरा दिसतो. डोळ्यांत एक थेंब. बस्स, संपला सिनेमा.

त्या एका शॉटसाठी मी हो म्हटलं होतं. रणजितनं सांगितलं होतं, “शालनताई, मुंबईचे दोन निर्माते पहिल्या खेळाला येणारेत. त्यांना तो चेहरा दाखवायचाय.” मी आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं. पंधरा वर्षं लोकांनी मला तिसऱ्या रांगेत उभं राहिलेलं बघितलं होतं. एकदा तरी ती रांग बाजूला व्हावी आणि माझंच तोंड दिसावं, एवढंच मला हवं होतं. हवं म्हणजे किती हवं होतं, ते त्या दिवशी कळलं.

शेवटच्या दिवशी दोनच शॉट राहिले होते. आधी आक्काची तिरडी. मग माझा चेहरा.

नायक होता सर्जेराव डोंगळे, रणजितचा तालमीतला दोस्त. फुकटात आला होता आणि तेवढाच त्याचा गुण होता. आईच्या मढ्यावर पडून त्यानं रडायचं होतं. पहिल्या टेकला तो आक्कावर असा कोसळला की तिरडीचा बांबू कडकडला.

“पोरा,” डोळे न उघडता आक्का म्हणाली, “मी मेलेय. चीत करायची गरज न्हाई.”

दुसऱ्या टेकला त्यानं हुंदका म्हणून जो आवाज काढला तो ऐकून दत्तोबाला हसू आलं. तिसऱ्याला दत्तोबानं सर्जेरावाच्या डोळ्यांत बाम घातला, तेव्हा रडू आलं, पण डोळे उघडेनात. चौथ्याला कावळा मधे आला. मध्यरात्री कावळा चालेल का यावर रणजितनं थोडा विचार केला आणि नको म्हणाला. सहाव्या टेकला सर्जेराव बरा रडला, म्हणजे निदान हसला नाही.

“कट,” रणजित म्हणाला. “ओके. अण्णा, फिल्म किती राहिली?”

कॅमेऱ्यावर अण्णा तोडकर होते. साठीचे, जुन्या स्टुडिओतले, बोलायला महाग. कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. रणजितनंही तो नाद पहिल्याच दिवशी सोडला होता. आमची फिल्म म्हणजे दुसऱ्यांच्या सिनेमांतून उरलेले कोरे तुकडे, कुठला दोनशे फुटांचा, कुठला नव्वदचा. ती आता संपत आली होती.

“चाळीस फूट,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे?”

“पंचवीस-सव्वीस सेकंद.”

“मग बरोबर. शालनताईंचा क्लोजअप. आक्का, उठा तुम्ही. लवकर जागा मोकळी करा.”

आक्का उठली नाही.

“आक्का, झालं तुमचं.”

“माझं हसू राहिलंय,” आक्का म्हणाली.

रणजितला कळेना. त्याला कळावं तरी कसं, तो सिनेमा पुस्तकातून शिकला होता. अण्णांनी सांगितलं. आमच्यात जुनी रीत आहे. कॅमेऱ्यापुढं जो मेला, त्यानं शॉट संपल्यावर तिथंच, त्याच फिल्मवर उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. मेलेल्या माणसावर फिल्म थांबवायची नाही. चार हात फिल्म जाते, ती पुढं कापून टाकतात. पण जिवंत माणूस जिवंत म्हणूनच घरी जातो.

“अहो, काय हे,” रणजित म्हणाला. “कुठल्या शतकात आहात? ही शुद्ध अंधश्रद्धा आहे.”

“तू कशाचा सिनेमा काढतोयस रे?” आक्कानं विचारलं.

दत्तोबा खोकला. रणजितनं चष्मा सारखा केला. “सिनेमा वेगळा. माझा स्वतःचा भुताखेतांवर विश्वास नाही.”

“ते दिसतंयच. तुझ्या भुताला बघून रेडकूसुद्धा बुजत न्हाई.”

“आक्का, प्लीज. फिल्म नाहीये. तुम्ही असं हसा ना, कॅमेऱ्याशिवाय.”

“कॅमेऱ्याशिवाय मेले का मी?”

“म्हणजे तुम्ही उठणार नाही?”

“मेलेलं माणूस उठत न्हाई, बाळ. अकरा सिनेमांत मेले मी. विष घेऊन, बाळंतपणात, एकदा तर हत्तीखाली. अकरा वेळा हसले, म्हणून बाराव्या खेपेला इथं आले. तू हसू घे, मी उठते. न्हाई घेतलंस तर मला अशीच घेऊन चला मंगळवार पेठेत. लोक विचारतील, त्यांना सांग अंधश्रद्धा.”

तिनं पुन्हा डोळे मिटले आणि हात छातीवर नीट ठेवले. सर्जेराव खरोखरच घाबरला. तो म्हणाला, “रणजित, घेऊन टाक रे, म्हातारं माणूस हाय.” रणजित म्हणाला, “चाळीस फूट आहेत, चाळीस! शेवट नसेल तर सिनेमा काय दाखवू?” मग तो माझ्याकडं वळला. “शालनताई, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचा शॉट जाईल.”

ते त्यानं सांगायची गरज नव्हती. सुतळीच्या जटांआड मी केव्हापासून तोच हिशेब करत होते. ऊन कलायला लागलं होतं. दत्तोबानं सकाळी तासभर खपून माझा चेहरा रंगवला होता, बारा दिवसांत पहिल्यांदा. आक्का अर्धी फिल्म हसण्यात घालवणार, उरलेल्या तुकड्यात काहीतरी उरकून टाकतील, आणि मी परत तिसऱ्या रांगेत. तेही एका कापून फेकायच्या तुकड्यासाठी.

मी तिरडीपाशी गेले, गुडघे टेकून बसले आणि तिच्या कानाशी वाकले. गुऱ्हाळाच्या आवाजात दुसऱ्या कोणाला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी एक वाक्य बोलले. एवढंच. मग उठून बाजूला, कॅमेऱ्याजवळ येऊन उभी राहिले.

आक्कानं डोळे उघडले. वर आभाळाकडं बघितलं. मग कोपरावर जोर देऊन ती सावकाश उठून बसली, नाकात बोळे, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूची माळ. मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. आधी नुसते ओठ, मग दात, मग सगळं अंग. खांदे हलत होते, माळ हलत होती. असं हसताना मी तिला दौऱ्यांवर पुष्कळदा बघितलं होतं, एखाद्याची फजिती झाली की. थांबली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले.

“चल रे दत्तोबा, सोड दोरी,” ती म्हणाली. “भुताला घाई झालीय.”

रणजित तेवढ्यात सर्जेरावाला तोंड धुवायला पाठवत होता. वळून बघतो तर तिरडी रिकामी. “वा, शालनताई! काय जादू केलीत?”

मी टोप सारखा करायला लागले. अण्णा कॅमेऱ्यावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही.

माझा क्लोजअप लगेच झाला. रणजितनं सांगितलं होतं, केस हळूहळू बाजूला करा. निळी काच आली, क्लॅपची फळी वाजली. अण्णा कॅमेऱ्यामागून हलक्या आवाजात म्हणाले, “शालन, जरा पटपट घे.” मी मनात म्हटलं, यांना जेवणाची घाई. थोड्या वेळानं परत म्हणाले, “बाई, केस काढ लवकर.” मी आणखीच सावकाश केलं. पंधरा वर्षं थांबले होते, मी का म्हणून उरकू? एकेक जट बोटानं बाजूला सारली. चेहरा मोकळा झाला, वारा लागला. डोळ्यांत थेंब आला तो बामाशिवाय आला. मी कॅमेऱ्याकडं बघत राहिले, रणजित कट म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही.

“काय दिलंत तुम्ही,” रणजित म्हणाला. त्यानं चष्मा काढला होता. मला वाटलं, झालं. मिळालं.

परत येताना टेम्पोत आक्का माझ्याशेजारी बसली. वाटेत तिनं कागदातून गुळाचा खडा काढून मला दिला. गुऱ्हाळवाल्यानं दिलेला, अजून कोमट. मी जे बोलले होते त्याबद्दल ती बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मीही विषय काढला नाही. उद्या काढू म्हणत राहिले.

एप्रिलात, एका दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठली नाही. त्रास झाला नाही, डॉक्टर म्हणाले. गल्लीतल्या बायका जमल्या. दत्तोबा आला होता. दाराशी कोणाला तरी सांगत होता, “हसू घेतलं न्हवतं. मी तेव्हाच म्हटलं होतं.” तो तेव्हा काहीही म्हणाला नव्हता, पण ते असो. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तिला कोणी उठवलं हे त्यांना दत्तोबानं सांगितलेलं असणार.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मानत नाही, असं त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी स्वतःला सांगत होते. न मानणाऱ्या माणसाला हे रोज सांगावं लागत नाही.

मे महिन्यात रणजितनं मला मुंबईला बोलावलं. आवाज भरायचे होते आणि आक्का नव्हती. “तुम्हाला त्यांची ढब माहितीये, शालनताई.” अंधाऱ्या खोलीत पडद्यावर आक्काच्या प्रसंगांचे तुकडे पुन्हा पुन्हा फिरत होते. तिचे ओठ हलायचे, आवाज माझा. दोन दिवस मी तिच्या तोंडून बोलले. तिरडीचा प्रसंग माझ्याकडं आलाच नाही. मढ्याला संवाद नसतात. तिथं फक्त सर्जेरावाचं रडणं भरायचं होतं, तेही दुसऱ्याच कोणीतरी भरलं.

सप्टेंबरात सिनेमा लागला. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मिळेल म्हणून रणजितनं पोस्टरवर जागा सोडली होती, पण सिनेमा मुलाबाळांनी बघायला हरकत नाही असा निकाल आला. त्याला तो अपमान वाटला. त्या जागी त्यानं एक रक्ताळलेला पंजा छापून घेतला.

पहिला खेळ दुपारी बाराचा. आमच्या गल्लीतल्या बावीस बायका आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. मुंबईचे दोन निर्माते आले होते की नाही देव जाणे. रणजित दोन गुबगुबीत माणसांना सोडा पाजत होता, ती त्याच्या वडिलांची गिऱ्हाइकंही असू शकतील.

सिनेमा सुरू झाला आणि लोक हसायला लागले. मध्यरात्री पायाशी सावल्या बघून पहिली शिट्टी आली. विहिरीच्या भयाण काठावरून लांब एक माणूस सायकलवर दुधाची किटली घेऊन गेला, तेव्हा कोणीतरी ओरडलं, “गवळी भूत!” पंपाच्या खोलीवरचा पाला वाऱ्यानं सरकला आणि ‘अश्वशक्ती’ एवढं दिसलं. मी सुतळीच्या जटा सोडून चालत आले, तर मागून आवाज आला, “ए सुतळी बॉम्ब!” माझ्या शेजारची पारूबाई तोंडात पदर कोंबून बसली होती. मी तिच्याकडं न बघता शेवटाची वाट बघत होते. हसू देत म्हटलं. एकदा चेहरा येऊ दे.

मग तिरडी आली. सर्जेराव रडला, लोक हसले. तो बाजूला झाला आणि पडद्यावर एकटी आक्का उरली, डोळे मिटलेली. मला वाटलं, आता कापतील.

कापलं नाही.

रडण्याचा आवाज थांबला. पाठचं संगीत थांबलं. गुऱ्हाळाचं इंजिन तर फिल्मवर कधी नव्हतंच. काहीच आवाज नसलेल्या त्या पडद्यावर मढ्यानं डोळे उघडले. आभाळाकडं बघितलं. कोपरावर जोर देऊन ते उठून बसलं, मान वळवली, आणि हसायला लागलं. आधी नुसते ओठ, मग दात. खांदे हलतायत, माळ हलतेय, आणि आवाज नाही.

थिएटरात पहिल्यांदा कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एक मूल किंचाळलं, मग बाया किंचाळल्या, मग पुरुष. पारूबाईनं माझ्या दंडात नखं रुतवली. चार-सहा जण उठून दारांकडं धावले. गल्लीतल्या बायकांनी तर त्या बाईला पाच महिन्यांपूर्वी खऱ्याच तिरडीवर बांधलेलं बघितलं होतं. दोघींना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

मी बसून राहिले. घेतलं होतं तर. अण्णांनी कॅमेरा गुपचूप पुन्हा चालू केला होता. गुऱ्हाळाच्या धडधडाटात कोणाला पत्ता लागला नाही. एप्रिलपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि मी रडले, त्या अंधारात, बोंबाबोंब चालू असताना. हसून गेली होती ती. रीतीप्रमाणं, फिल्मवर, जिवंत.

पुढं काय चाललंय याकडं माझं लक्ष नव्हतं. शेवट आला तेव्हा भानावर आले. पडद्यावर सुतळी. एक बोट येतं, एक जट बाजूला करतं. मग दुसरी. कपाळाचा एक पट्टा दिसतो, त्याखाली अर्धी भुवई. आणि पडदा पांढरा. ‘समाप्त’.

बाहेर अण्णा खांबाशी उभे होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

“चाळीस फूट होते,” ते म्हणाले. “अठरा तिनं घेतले. बावीस तुला ठेवले होते. चेहऱ्याला पुष्कळ झाले असते. दोनदा सांगितलं तुला, लवकर घे म्हणून.”

“मग खरं कारण का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर त्यानं तिचं हसू खपवून घेतलं असतं का? आणि तू?”

मी अण्णांशी तीन वर्षं बोलले नाही. ते बरोबर होते म्हणून तर अजिबातच बोलले नाही.

रणजितचं मात्र नाव झालं. मुंबईत फिल्म जोडणारा माणूस असल्या रीती न जाणणारा होता. फळी न वाजता आलेलं ते हसू त्याला सिनेमाचाच भाग वाटलं, त्यानं ठेवून दिलं. संगीतवाल्याला कोणी कळवलं नाही, म्हणून ते मुकं राहिलं. एवढंच झालं होतं. पण वर्तमानपत्रात रणजितनं सांगितलं की ती निःशब्द कल्पना त्याला पहाटे स्वप्नात सुचली. सिनेमा सात आठवडे चालला. लोक तिरडीपर्यंत बसत आणि उठून जात, त्यामुळे माझी अर्धी भुवईसुद्धा फारशी कोणी बघितली नाही. त्या जोरावर त्यानं आणखी दोन भुताचे सिनेमे काढले. त्यांत सगळं नीट कापलेलं होतं आणि ते पडले. मग तो फाउंड्रीत जाऊन बसला. आता त्याला सत्कारांना बोलावतात, भयपटांचा जाणकार म्हणून. काळा चष्मा अजून आहे. हल्ली त्याला मोतीबिंदूचं निमित्तही आहे.

त्यानंतर मला कोणी सिनेमात घेतलं नाही. मीही कोणाच्या दारात गेले नाही. नाटकात आणखी वीस वर्षं काढली. पुढं आयांच्या भूमिका आल्या. मेले बऱ्याचदा, पण रंगमंचावर त्याची काळजी नसते. पडदा पडला की उठून सगळ्यांबरोबर नमस्कार करायचा असतो.

परवा माझ्या भाचीची मुलगी मोबाइल घेऊन आली. “आजी, हे बघ, मराठीतला सगळ्यात भीतिदायक सीन म्हणतात याला. लाखो लोकांनी बघितलाय.” बघते तर मथूआक्का. कोणीतरी त्यावर राक्षसी हसण्याचा आवाज चिकटवला होता, घुमणारा, गुहेतला.

“आवाज बंद कर,” मी म्हटलं.

“अगं, आवाजामुळंच तर भीती वाटते.”

“बंद कर आणि बघ.”

तिनं आवाज बंद केला. आक्का उठून बसली, वळली आणि कॅमेऱ्याच्या जरा डावीकडं बघून हसायला लागली. पोरीनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, “ही कोणाकडं बघतेय गं? कॅमेऱ्याकडं नाही बघत.”

“तिथं मी उभी होते.”

“तू? मग ती एवढी कशाला हसतेय?”

अडतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. जाणकारांनीही नाही. मी तिला सांगितलं. त्या दिवशी सुतळीच्या जटांआडून, रंगवलेल्या चेहऱ्यानं, जिनं मला रस्त्यावरून उचलून माणसांत आणलं त्या बाईच्या कानाशी वाकून मी म्हणाले होते, “उठ आता. तुझं सगळं होऊन गेलंय, आक्का. माझं अजून व्हायचंय.”

 फोनवरचा तुकडा संपून पुन्हा आपोआप सुरू झाला. आक्का पुन्हा मेली, पुन्हा उठली, पुन्हा माझ्याकडं बघून हसायला लागली, आणि या खेपेला मलाही हसू आलं.